अस्तरावरचं अकरावं भोक

काजबाईंचं खरं नाव त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि विजेच्या बिलावर छापून यायचं. बाकी सगळ्या गल्लीला त्या काजबाईच. गल्लीत शिंपी तीन. तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण कोट शिवून झाला की तिघेही तो मुकाट्याने बाईंच्या दुकानात आणून टाकायचे. बटण काय, कोणीही लावतं. पण त्या बटणासाठी भारी कापडाला जे भोक पाडावं लागतं, तिथे भल्याभल्यांचे हात थरथरतात. "बटण तुटलं तर दुसरं मिळतं," बाई म्हणायच्या, "काज चुकलं तर कोट गेला. आणि शिंप्याची अब्रू गेली ती वेगळीच." एवढं म्हणून समोरच्या शिंप्याकडे अशा बघायच्या, की तो तिथे क्षणभरही टिकायचा नाही.

दुकान म्हणजे एका बाजूला चपला सांधणारा, दुसऱ्या बाजूला औषधवाला आणि मधे उरलेली फट. त्यात एक टेबल, वाकड्या मानेचा दिवा, रिळांचे डबे आणि बाई. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहूनच बोलायचं. वय बावन्न, सुई टोचू नये म्हणून बोटात कायम अंगुस्तान, आणि स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. नवरा कुलपं दुरुस्त करायचा. "आमचं दोघांचं आयुष्य भोकांत गेलं," तो सांगायचा, "माझं किल्लीच्या, हिचं बटणाच्या." हा विनोद त्याने पाहुण्यांपुढे निदान दोनशे वेळा केला असेल. बाई दर वेळी "झालं?" एवढंच विचारायच्या.

अशा या बाई नेमबाजीच्या क्लबात कशा जाऊन बसल्या, त्याचीही गंमत आहे.

गल्लीच्या टोकाला एका जुन्या गोदामात छर्ऱ्याच्या रायफलींचा क्लब होता. दहा मीटरवर एक कार्ड लटकवायचं, त्यावर वर्तुळात वर्तुळं आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. ठिपक्याला दहा गुण, बाहेर जावं तसे कमी. नेमबाज मंडळी अंगात जाड कॅनव्हासचं जाकीट घालतात, म्हणजे अंग हलत नाही. क्लबाचे अध्यक्ष तेव्हा अजून अध्यक्ष झाले नव्हते, स्पर्धांचं काम बघायचे; त्यांच्या जाकिटाची काजं उसवली होती. ती नवी करून बाई एका रविवारी सकाळी जाकीट पोचवायला गेल्या. याला आता एकोणीस वर्षं झाली. तिथे बघतात तर दोन सभासद एका भोकावरून हमरीतुमरीवर आलेले. एक म्हणतो छर्रा नवाच्या रेषेला शिवला, दुसरा म्हणतो शिवला नाही, आठच.

"अहो, भांडता काय लहान मुलांसारखे," बाई दारातूनच म्हणाल्या. "रेषेपाशी कागद फाटलाय, कापला गेला नाही. कापलेली कड वेगळी दिसते, फाटलेली वेगळी. आठच आहे ते."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांची लाकडाची वखार होती. दिवसभर करवतीच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे हा माणूस कुजबुजला तरी तिसऱ्या घरी ऐकू जायचं. त्यांनी भिंग उचललं, भोक पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ते भिंग बाईंच्या हातात दिलं. "आजपासून कार्डं या वाचतील," ते गरजले. "ज्याला पटत नसेल त्याने आपलं जाकीट उचलून घरी जावं."

कोणी घरी गेलं नाही. बाईंना कोपऱ्यात एक टेबल मिळालं, आणि दर रविवारी त्या तिथे बसून लोकांची भोकं वाचायला लागल्या. एकदा तर खुद्द अध्यक्षांच्या नवाचा त्यांनी आठ केला. अध्यक्ष "आठ तर आठ" म्हणाले आणि पुढच्या कार्डाकडे वळले. हे बाई विसरल्या नाहीत. "माझ्या नजरेला जगात पहिल्यांदा कोणी किंमत दिली असेल तर त्या माणसाने," असं त्या नवऱ्याला सांगायच्या.

"आणि मी?" नवरा विचारायचा.

"तुम्ही माझी नजर बघून लग्न केलंत. ती नजर वेगळी."

क्लबाला बाईंनीही काहीतरी दिलं. नेमबाजीत एक चूक अशी होते की बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो खो खो हसेल: माणूस शेजाऱ्याच्या कार्डावर गोळी मारतो. पण एक डोळा मिटून साठ छर्रे मारायचे, समोर एकसारखी कार्डं ओळीने टांगलेली, मग मुरलेल्या नेमबाजाचीही कधीतरी नजर घसरते. त्याच्या कार्डावर भोकं नऊ, शेजाऱ्याच्या कार्डावर अकरा. आता त्या अकरांतलं पाहुणं कुठलं? पूर्वी यावरून एकमेकांच्या कॉलरी धरल्या जायच्या. बाईंनी येऊन सांगितलं, कार्डाच्या मागे वीतभर अंतरावर एक कोरा कागद टांगा. सुई सरळ गेली तर वरच्या कापडाचं भोक आणि अस्तराचं भोक एकापाठी एक येतं. तिरकी गेली की अस्तरावरचं सरकतं. तसंच छर्ऱ्याचं. तेव्हापासून त्या कोऱ्या कागदाला क्लबात अस्तरच म्हणायला लागले. अस्तरावर सरकलेलं भोक सापडलं की ज्या बाजूने छर्रा आला त्या नेमबाजाला शून्य, आणि शेजाऱ्याचा काही दोष नाही, असा नियम झाला.

आता दुसरा नियम, ज्यावरून सगळं रामायण घडलं. क्लब काढणाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की अध्यक्षपदाला उभं राहायचं तर त्या वर्षीच्या स्पर्धेत सहाशेपैकी पाचशे गुण हवेत. ज्याचा स्वतःचा नेम लागत नाही त्याने दुसऱ्याला शहाणपण शिकवू नये, असा त्यामागचा सरळ हिशेब. वखारवाले अध्यक्ष चौदा वर्षं पाचशेच्या वर होते आणि चौदा वर्षं त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नव्हतं.

पण चौदा वर्षं एकाच खुर्चीत बसलं की माणसाला ती खुर्ची आपल्या पाठीचाच भाग वाटायला लागते. अध्यक्ष नव्या सभासदांवर खेकसायचे. कोणी चाप ओढताना मागून "कोपर! कोपर!" म्हणून असे ओरडायचे की बिचाऱ्याचा छर्रा भिंतीत जायचा. शेवटी शाळेत भूमिती शिकवणारे मास्तर उभे राहिले. मास्तर मऊ बोलणारे, पण त्यांच्या मागे जमलेली मंडळी काही मऊ नव्हती. बघता बघता क्लबात दोन तट पडले आणि चहाच्या किटल्याही दोन झाल्या. एका किटलीतला चहा दुसऱ्या गटाने प्यायचा नाही. बाई दोन्ही प्यायच्या आणि दोन्ही पाणचट आहेत असं तोंडावर सांगायच्या.

स्पर्धेच्या रविवारी चिठ्ठ्या टाकून जागा ठरल्या. चौथ्या जागेवर अध्यक्ष आणि पाचव्या जागेवर मास्तर! असा योग कोणी मुद्दाम आणला असता तर जमला नसता. दोघांनी सहा-सहा कार्डं मारली, कार्डावर दहा छर्रे. मग सगळी कार्डं, मागच्या अस्तरांसकट, बाईंच्या टेबलावर आली. बाईंनी एकेक वाचायला घेतलं आणि अध्यक्षांच्या शेवटच्या कार्डाशी घोडं अडलं.

"नऊ आहेत," बाई म्हणाल्या.

"दहा मारलेत," अध्यक्ष म्हणाले. "दोन एकाच भोकात गेले असतील. दहाच्या ठिपक्यातलं भोक बघा."

बाईंनी मास्तरांचं शेवटचं कार्ड ओढलं. त्यावर भोकं अकरा.

"बघा!" अध्यक्ष असे कडाडले की छपरावरची कबुतरं उडाली. "मास्तरांनी अकरा मारले! एक जास्तीचा! यांना बाद करा!"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी दहाच मारले," ते म्हणाले. घाईघाईने भिंतीवरच्या फळ्याकडे जाऊन त्यांनी दोन रेषा आणि एक कोन काढायला घेतला. पण ते स्वतःच आरोपी, त्यांचा कोन कोण बघतो?

बाईंनी भिंग लावलं. अध्यक्षांच्या ठिपक्यातलं भोक स्वच्छ गोल होतं. एकात दोन गेले असते तर कड कुठेतरी फुगली असती; वरही फुगली नव्हती आणि अस्तरावरही नाही. मग त्यांनी मास्तरांचं अस्तर उजेडाला धरलं. दहा भोकं सरळ पाठीमागे. अकरावं अंगठ्याभर उजवीकडे सरकलेलं, म्हणजे डावीकडून आलेलं. मास्तरांच्या डावीकडे चौथ्या जागेवर कोण होतं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

बाईंनी मनात बेरीज केली. मास्तरांचे पाचशे भरत होते. अध्यक्षांचे एकोणसाठ छर्ऱ्यांचे गुण झाले होते चारशे चौऱ्याण्णव. त्यांचं म्हणणं मानलं आणि ठिपक्यात आणखी एक दहा धरला, तर पाचशे चार. मग खुर्ची त्यांची आणि मास्तर बाद. शून्य धरलं, तर या माणसाला निवडणुकीला उभंसुद्धा राहता येत नाही. आपल्या हातात भिंग देणारा हाच माणूस.

"छर्रा तुमचाच शेजारी गेला, साहेब," त्या म्हणाल्या. "शून्य."

"भोकांचं शास्त्र आता मला काजवाल्या बाईकडून शिकायचं का?"

बाईंना ते फार लागलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला तिथल्या तिथे उभा-आडवा टाचून ठेवला असता. पण हे वाक्य या तोंडातून आलं, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने त्यांनी ते पुसलं आणि गुणपत्रकावर शाईने शून्य लिहिलं.

क्लबाचा सचिव म्हणजे बाईंच्या दुकानाशेजारचाच औषधवाला. कोणाला कडू गोळी द्यायची वेळ आली की हा आधी साखर शोधणार. त्याने घाईघाईने जाहीर केलं की अध्यक्षांची हरकत नोंदवली आहे, पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभेत निकाल लागेल. मग नियमांची वही चाळता चाळता तो एकदम थबकला.

"सभेत फक्त सभासदाला बोलता येतं," तो म्हणाला. "बाई... तुम्ही सभासद आहात ना?"

बाई सभासद नव्हत्या. एकोणीस वर्षं हजारो भोकं वाचली, पण वहीत त्यांचं नाव घालायचं कोणाला सुचलंच नव्हतं, आणि बाईंनाही नाही.

"मग एकोणीस वर्षांचे सगळेच निकाल गेले की!" दातांचे डॉक्टर म्हणाले. ते कुठल्याच गटात नव्हते, फक्त मजा बघायला यायचे. "साहेबांची चौदा वर्षंही त्यात आली. ही दाढ उपटलीत तर सगळी कवळी बाहेर येईल."

"आधीच्या निकालांवर हरकत नव्हती," सचिव घाम पुसत म्हणाला. "या निकालावर आहे. बाईंनी सभेत साक्ष दिली तर शून्य राहील. साक्ष नसेल तर हरकत मान्य, आणि मास्तर बाद."

"सभासद कसं व्हायचं?" बाईंनी विचारलं.

"सभेच्या आधी, सगळ्यांसमोर दहा छर्रे मारायचे. शंभरपैकी साठ गुण पडले पाहिजेत."

बाईंनी जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता. "घाला माझं नाव," त्या म्हणाल्या आणि भिंग रुमालात गुंडाळून घरी गेल्या.

मास्तर संध्याकाळी दुकानासमोर हजर. मी शिकवतो म्हणाले, आठ दिवसांत साठ म्हणजे काहीच नाही. बाईंनी त्यांना परतवलं. "तुमच्याकडून शिकले तर म्हणतील साक्ष आधीच पढवली होती. तुम्ही आपले कोन काढा." मग शिकवायला उरला नवरा. त्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्साह दांडगा. त्याने बाईंच्या खांद्याला झाडूचा दांडा लावला आणि कपाटाच्या कुलपाच्या भोकावर नेम धरायला सांगितलं.

"श्वास रोख," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"मला काय माहीत? जमेल तेवढा."

बाईंनी इतका रोखला की शेवटी त्या खाली बसल्या आणि दोघेही हसत सुटले.

बुधवारी दुपारी अध्यक्ष दुकानात आले. हातात एक सदरा, त्याचं एक बटण तुटलेलं. वखारीत बटण लावणारी दहा माणसं असतील, पण बाईंनी सदरा घेतला. त्या बटण लावायला बसल्या. अध्यक्ष बाहेर उभे. आवाज एवढा खाली आणलेला की बाईंना मान पुढे करावी लागली.

"वखार आता मुलं बघतात," ते म्हणाले. "मी गेलो की खुर्ची पुसून देतात. बाबा, बसा. मग कोणी काही विचारत नाही." थोडा वेळ ते चपला सांधणाऱ्याकडे बघत राहिले. "आठवड्यात एक रविवार आहे, जेव्हा लोक मला विचारतात. हे करू का, ते करू का. तेवढंच."

बाईंनी दोरा तोडला.

"भोकं फसवतात कधीकधी," अध्यक्ष म्हणाले.

"कापड फसवतं, साहेब. भोक नाही फसवत."

ते सदरा घेऊन गेले. ते गेल्यावर बाईंनी समोर पडलेल्या कोटाला काज पाडायला घेतलं आणि खुणेच्या एक बोट खाली ब्लेड मारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा! बाई त्या चुकलेल्या भोकाकडे बघत बसल्या. त्यांना त्या माणसाची दया येत होती आणि रागही येत होता. दोन्ही एकाच वेळी इतके, की कोणाला आधी वाट द्यावी कळेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मी गप्प बसले तर?"

"तर मास्तर खोटे ठरतील," नवरा म्हणाला. आणि जरा थांबून, "आणि तू घरी चिडचिड करशील. ती मला सोसावी लागेल. त्यापेक्षा नेम धर."

रविवारी गोदाम गच्च भरलं. दोन्ही किटल्या तापल्या होत्या. बाईंना तिसरी जागा दिली, रायफल टेकायला वाळूची पिशवी दिली. नव्या माणसाला तेवढी सवलत असते. शेजारच्या दुसऱ्या जागेवर दातांचे डॉक्टर सकाळी सराव करून गेले होते, त्यांचं चाळणी झालेलं कार्ड तसंच लटकत होतं. नवरा मागे उभा राहून स्वतःच श्वास रोखत होता.

बाईंनी डोळा मिटला. समोर सगळंच काळं-पांढरं, गोलात गोल. चाप ओढायच्या आधी माणसाला इतकं एकटं वाटतं, हे त्यांना एकोणीस वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. फट् झालं. मग दुसरा, तिसरा. पाचव्यानंतर त्यांना जरा मजाच यायला लागली. दहावा झाल्यावर त्यांनी रायफल खाली ठेवली आणि दोरी ओढून कार्ड जवळ आणलं.

आता वाचणार कोण? क्लबात कार्ड वाचणारं माणूस एकच. सचिवाने दोन्ही गटांकडे पाहिलं, कोणी पुढे येईना, तेव्हा भिंग बाईंच्याच हातात दिलं.

बाईंनी वाचलं. "नऊ भोकं," त्या म्हणाल्या. "छप्पन्न गुण."

मास्तरांच्या गटात खळबळ उडाली. "दहा मारलेत त्यांनी! आम्ही मोजलेत!" एक जण ओरडला. "दोन एकाच भोकात गेले असतील! ते आठातलं बघा, मोठं दिसतंय!" लगेच दहा तोंडांतून तेच आलं. "दोन एकाच भोकात! आठ आणखी धरा! चौसष्ट झाले!" सचिव तर मान डोलवायच्या बेतातच होता, तेवढं एक भांडण मिटलं म्हणून. मास्तर मात्र लाजेने खाली बघत होते.

बाईंनी भिंग टेबलावर ठेवलं.

"गप्प बसा," त्या म्हणाल्या. "दोन एकात गेले नाहीत. पहिलाच छर्रा डॉक्टरांच्या कार्डावर गेलाय. चाप ओढला तेव्हाच मला कळलं. खात्री हवी तर अस्तर काढून बघा, तिथे सरकलेलं भोक सापडेल. माझं ते शून्य. छप्पन्न म्हणजे छप्पन्न."

"अहो, पण मग तुम्हाला बोलता येणार नाही!" मास्तरांच्या गटातला एक जण रडवेला होऊन म्हणाला.

"नाही येणार," बाई म्हणाल्या. त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. मास्तरांकडे बघायची त्यांना हिंमत होईना, कारण या छप्पन्नाने त्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं.

सचिवाने घसा साफ केला. बाई सभासद नाहीत, साक्ष नाही, त्यामुळे अध्यक्षांची हरकत... एवढं वाचून होतंय तोच अध्यक्ष उठले.

"थांबा."

पहिल्यांदाच त्यांचा आवाज साध्या माणसासारखा आला. ते बाईंच्या टेबलापाशी गेले आणि गुणपत्रक हातात घेतलं. सगळ्यांना वाटलं, फाडतात की काय.

"मलाही कळलं होतं," ते म्हणाले. "चाप ओढला तेव्हाच. डोळा उघडला तर समोर पाचव्या जागेचं कार्ड. म्हटलं, कोणाच्या लक्षात नाही येणार. मग तोंडातून निघून गेलं की दोन एकात गेले. आणि एकदा बोललो ते बोललो." ते मास्तरांकडे वळले. "तुम्ही दहाच मारले होते. मला माहीत होतं आणि तरी मी तुम्हाला बाद करा म्हणालो."

दातांच्या डॉक्टरांनाही विनोद सुचला नाही. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं आणि बाईंनी लिहिलेल्या शून्यासमोर आपली सही केली.

मग काय, बांध फुटला. मास्तरांच्या गटातले दोघे उठले. खोटा आरोप केला म्हणून यांचं सभासदत्वच रद्द करा म्हणाले. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "खाली बसा! आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्ही काय ओरडत होतात? तुमच्या भोकात दोन गेले तर चालतात वाटतं?" ते दोघे बसले. दुसरा उमेदवार उरलाच नव्हता. मास्तर अध्यक्ष झाले, आणि पहिलाच ठराव त्यांनी मांडला तो काजबाईंना बिनपरीक्षेचं सभासद करून घ्यायचा. टाळ्या पडल्या. बाईंनी तो तिथल्या तिथे उडवून लावला.

"काही नको. तुमच्या वहीत मी छप्पन्नवर नापास आहे. पुढच्या वर्षी साठ पाडेन आणि मग येईन. तोवर कार्डं वाचते."

"पण तुमचा एवढा अनुभव..." मास्तर म्हणायला लागले.

"अनुभव भोकं वाचायचा आहे, मास्तर. पाडायचा नाही."

मंडळी चहाकडे वळली. त्या गडबडीत कोणाची किटली कोणती हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. वखारवाले भिंतीवरचं आपलं जाकीट काढून हातावर टाकून बाईंपाशी आले.

"त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो," ते म्हणाले.

"बोललात खरे."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं," बाई म्हणाल्या. त्यांना आणखी बरंच बोलायचं होतं: एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही भिंग दिलं नसतं तर मी आज कोण असते, वगैरे. पण ते बोलायला गेलं तर पुन्हा चष्मा पुसावा लागला असता. म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, "पुढच्या रविवारी येणार ना?"

"आता काय म्हणून येऊ?"

"काय म्हणून म्हणजे? नेमबाज आहात ना? एकोणसाठ छर्ऱ्यांत चारशे चौऱ्याण्णव मारलेत. इथे निम्म्या लोकांना ते साठात जमत नाही."

वखारवाल्यांनी जाकीट या हातावरून त्या हातावर घेतलं. दारापर्यंत गेले, आणि मग परत आले. चेहऱ्यावर शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलासारखा संकोच होता.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "हे गोदाम रविवारी उघडतं किती वाजता?"

चौदा वर्षं ते आले की उघडायचं. वेळ अशी कोणाला ठाऊकच नव्हती. सचिवाने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी सचिवाकडे.

"साडेआठला," बाईंनी सांगून टाकलं. "आणि उशीर केलात तर तुमच्यासाठी कोणी थांबणार नाही."

"साडेआठ," ते म्हणाले. "येतो मग."